जिवंत खडकाचे पुनरुज्जीवन

जिवंत खडक म्हणजे मुख्यतः मृत प्रवाळांच्या सांगाड्यांपासून बनलेले, सच्छिद्र आणि सूक्ष्मजीवांनी व लहान सागरी प्राण्यांनी व्यापलेले कॅल्शियम कार्बोनेटचे तुकडे होत. इंग्रजीत यांस ‘लाइव्ह रॉक’ असे म्हणतात. खडक स्वतः निर्जीव असतो; ‘जिवंत’ हे विशेषण त्याच्या पृष्ठभागावर व छिद्रांत वसलेल्या जीवसृष्टीला उद्देशून आहे. खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ-मत्स्यालयात पाणी शुद्ध राखण्याचे बरेचसे काम हा खडक करतो. दीर्घकाळ देखभाल न झाल्यास ही जीवसृष्टी अंशतः किंवा पूर्णतः नष्ट होते व खडक पाणी शुद्ध करण्याऐवजी दूषित करू लागतो. अशा खडकात साचलेला गाळ व पोषकद्रव्ये काढून त्यावर उपयुक्त जीव पुन्हा वसविण्याच्या प्रक्रियेस जिवंत खडकाचे पुनरुज्जीवन म्हणतात.

पार्श्वभूमी

मत्स्यालयात जिवंत खडक वापरण्याच्या पद्धतीचे श्रेय सामान्यतः इंडोनेशियातील ली चिन एंग यांना दिले जाते. १९६१ च्या सुमारास त्यांनी समुद्रातील खडक, प्रवाळ व केवळ हवेचे बुडबुडे यांच्या साहाय्याने चालणाऱ्या मत्स्यालयाची माहिती प्रसिद्ध केली. पुढे जर्मनीत बर्लिन येथील हौशी मत्स्यपालकांनी जिवंत खडकास प्रोटीन स्किमर या यंत्राची जोड दिली. हे यंत्र बारीक बुडबुड्यांच्या फेसासोबत पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये बाहेर काढते. या पद्धतीस ‘बर्लिन पद्धत’ असे नाव पडले.

कार्य

मासे व इतर प्राणी यांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या अन्नाच्या कुजण्यातून अमोनिया तयार होतो. तो अल्प प्रमाणातही विषारी असतो. खडकाच्या प्राणवायुयुक्त पृष्ठभागावरील जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये व नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. खडकाच्या अंतर्भागात प्राणवायू फारसा पोहोचत नाही. तेथील जीवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू तयार करतात व तो पाण्यातून निघून जातो. खडकावरील कृमी, लहान कवचधारी प्राणी व गोगलगायी शैवाल आणि अन्नकण खातात, तर जांभळट-गुलाबी कोरॅलाइन शैवाल खडकावर कठीण थर चढविते.

ऱ्हासाची कारणे

पाण्याचा प्रवाह मंदावला की खडकाच्या छिद्रांत गाळ साचतो. छिद्रे बुजल्यावर आत प्राणवायू पोहोचत नाही, खडकावर काळे डाग पडतात आणि हायड्रोजन सल्फाइडमुळे सडलेल्या अंड्यांसारखा वास येतो. बाष्पीभवनाने पाणी आटते, परंतु मीठ मागे राहते. त्यामुळे लवणता वाढून प्राणी मरतात.

फॉस्फेटचा प्रश्न अधिक चिवट असतो. कॅल्शियम कार्बोनेटच्या पृष्ठभागास फॉस्फेट चिकटून राहते. पाणी बदलून पाण्यातील फॉस्फेट कमी केले तरी खडकातील साठा हळूहळू पुन्हा पाण्यात उतरतो. वारंवार पाणी बदलूनही हिरव्या केसाळ शैवालाची वाढ थांबत नाही, याचे कारण अनेकदा हेच असते.

तपासणी

दुर्लक्षित खडक मेलेला आहे की केवळ मलिन झाला आहे, हे प्रथम ठरवावे लागते. मलिन खडकावर तीव्र रसायने वापरल्यास उरलेली जीवसृष्टीही नष्ट होते. उलट, कुजलेल्या खडकाची वरवर सफाई करून तो मत्स्यालयात परत ठेवल्यास अमोनिया वाढून मासे दगावू शकतात.

यासाठी खडकाचा एक तुकडा ताज्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत, पाणी फिरते ठेवून, एक-दोन दिवस ठेवतात व नंतर त्या पाण्यातील अमोनिया, नायट्रेट व फॉस्फेट मोजतात. कोरॅलाइन शैवालाचे रंगीत पट्टे, हालचाल करणारे कृमी आणि समुद्रासारखा सौम्य वास ही जिवंतपणाची लक्षणे होत. तीव्र दुर्गंधी व सतत वाढणारा अमोनिया ही कुजण्याची लक्षणे आहेत. खडक पूर्वी ताम्रयुक्त औषध वापरलेल्या टाकीत असल्यास तो प्रवाळ-मत्स्यालयात वापरू नये. त्यात शोषलेले तांबे पुढे पाण्यात उतरून अपृष्ठवंशीय प्राण्यांना मारक ठरू शकते.

मलिन खडकाचे पुनरुज्जीवन

खडक मत्स्यालयातून काढलेल्या खाऱ्या पाण्यातच खळबळून धुतला जातो. नळाच्या गोड्या पाण्याने उपयुक्त जीव मरतात. शैवाल हाताने उपटून मऊ ब्रशने साफ करतात व छिद्रांतील गाळ पिचकारीने उडवितात. त्यानंतर खडक झाकण असलेल्या पिंपात खाऱ्या पाण्यात ठेवला जातो. हे पाणी आरओ यंत्राने शुद्ध केलेल्या पाण्यात सागरी मीठ मिसळून तयार करतात. त्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२५ व तापमान २४ ते २६ अंश सेल्सियस राखतात. पंपाने पाण्याला जोरदार प्रवाह दिला जातो आणि शक्य असल्यास स्किमर लावला जातो.

पिंपात अंधार ठेवल्याने शैवाल प्रकाशाअभावी मरते, परंतु जीवाणूंचे कार्य सुरू राहते. दर आठवड्यास खडक हलवून तळाचा गाळ काढतात व पाणी बदलतात. अमोनिया व नायट्राइट सलग अनेक दिवस शून्य आढळेपर्यंत हा क्रम चालतो. यास साधारणतः चार ते आठ आठवडे लागतात. खडक फार गाळाने भरलेला असल्यास काही महिनेही लागतात. या काळात फॉस्फेट शोषणारे लोह ऑक्साइडचे दाणेही वापरतात.

मृत खडकाचा पुनर्वापर

जीवसृष्टी पूर्णतः नष्ट झालेला खडक उन्हात वाळवून सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात बुडवितात. त्यामुळे छिद्रांतील सेंद्रिय द्रव्ये नष्ट होतात. नंतर तो अनेकदा धुऊन व क्लोरिननाशक वापरून पूर्ण वाळविला जातो. फॉस्फेटचा साठा मोठा असल्यास सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने खडकाचा बाह्य थर विरघळवितात. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात ओतू नये. हायपोक्लोराइट व आम्ल एकत्र आल्यास विषारी क्लोरिन वायू निर्माण होतो. म्हणून दोन टप्प्यांमध्ये खडक पूर्णपणे धुऊन वाळविणे अनिवार्य आहे. ही कामे हातमोजे व संरक्षक चष्मा घालून उघड्या हवेत करावी लागतात.

असा खडक स्वच्छ, पण निर्जीव असतो. निरोगी मत्स्यालयातील खडकाचा लहान तुकडा त्यासोबत ठेवून त्यावर जीवाणू व सूक्ष्म प्राणी वसविले जातात. जीवाणूंना खाद्य मिळावे म्हणून पाण्यात अल्प प्रमाणात अमोनिया घालतात. जीवाणू काही आठवड्यांत स्थिरावतात. कोरॅलाइन शैवाल व विविध प्राणी पसरण्यास मात्र अनेक महिने लागतात.

पॅलिटॉक्सिनचा धोका

अंधारात खडक मुरविण्याच्या प्रक्रियेस हौशी मत्स्यपालकांमध्ये इंग्रजीत ‘कुकिंग’ असा शब्द रूढ आहे. या शब्दामुळे गैरसमज होऊ शकतो. जिवंत खडक कधीही उकळू नये, त्यावर उकळते पाणी ओतू नये किंवा वाफेने तो साफ करू नये. खडकावर असणाऱ्या पॅलिथोआ व तत्सम झोअँथिड प्राण्यांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असू शकते. हवाईतील संशोधकांनी १९७१ साली ते प्रथम वेगळे केले. ते पेशींमधील सोडियम-पोटॅशियम पंपाचे कार्य बिघडविते. खडक उकळल्याने निघालेल्या वाफेतून घरातील सर्व व्यक्तींना विषबाधा झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदल्या गेल्या आहेत. ताप, खोकला, श्वास लागणे, स्नायुदुखी व तोंडाला धातूसारखी चव येणे ही तिची लक्षणे होत. अशी लक्षणे दिसताच मोकळ्या हवेत जाऊन तातडीने वैद्यकीय उपचार घ्यावेत व खडक हाताळल्याचे डॉक्टरांना सांगावे. झोअँथिड असलेले खडक कोरडे खरवडणेही टाळावे.

पर्यावरण व कायदा

जिवंत खडक पूर्वी मोठ्या प्रमाणावर प्रवाळभित्तींवरून थेट गोळा केला जात असे. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या समुद्रात १९९० च्या दशकात नैसर्गिक खडक काढण्यास बंदी झाली आणि समुद्रतळाशी साधे दगड ठेवून त्यांवर जीवसृष्टी वाढविण्याचा व्यवसाय सुरू झाला. कठीण प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारान्वये नियंत्रित आहे. भारतात २००१ साली कठीण प्रवाळांचा समावेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत करण्यात आला. त्यामुळे समुद्रातून प्रवाळ किंवा प्रवाळखडक उचलून आणणे हा गुन्हा ठरतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणच्या किनाऱ्यावर प्रवाळ आढळतात. तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले.

या पार्श्वभूमीवर कायदेशीर मार्गाने आलेला जुना खडक पुन्हा उपयोगात आणणे किंवा सिमेंट वा चिनी मातीचे कृत्रिम खडक वापरणे हे पर्याय महत्त्वाचे ठरतात. प्रवाळभित्तीवर एखादा खडक घडण्यास दीर्घ काळ लागतो. त्या तुलनेत पुनरुज्जीवनास लागणारे काही महिने अल्पच होत.

हेही पाहा

प्रवाळ
नायट्रोजन चक्र
मत्स्यालय
मालवण सागरी अभयारण्य