पोर्तू ते सांतियागो : उधाणलेल्या किनाऱ्याची पायवाट

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमध्ये चालणाऱ्यांची वानवा नाही. डेलावेअर-रॅरिटन कालव्याच्या काठाने जी मातीची वाट जाते, तिच्यावरून एके काळी खेचरं मालाचे पडाव ओढत नेत. 1834 साली सुरू झालेला हा कालवा 1932 मध्ये बंद पडला आणि ती वाट आपसूक आमच्यासारख्यांच्या वाट्याला आली. शनिवारी सकाळी तिथे गेलात तर दहा मिनिटांत एकदा तरी मराठी कानावर पडणारच. विषयही ठरलेले असतात : गुडघे, मुलांचे प्रवेश, मराठी मंडळाचं नाटक. अलीकडे त्यात 'कामिनो'ची भर पडली आहे.

कामिनो म्हणजे स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या सांतियागो दे कोम्पोस्तेला या गावाकडे जाणाऱ्या पायी यात्रेच्या वाटा. येशूचा शिष्य संत याकोब तिथल्या कॅथीड्रलमध्ये पुरला आहे, अशी श्रद्धा आहे. ही समाधी नवव्या शतकात सापडली असं मानतात आणि तेव्हापासून लोक तिकडे चालत निघाले. मधल्या काही शतकांत ही यात्रा जवळपास विझली होती. ओ सेब्रेइरो गावचे पाद्री एलियास व्हालिन्या यांनी 1984 च्या सुमारास रस्त्याच्या कामाचा उरलेला पिवळा रंग घेऊन वाटेवर बाण काढायला सुरुवात केली. आज सगळ्या वाटांवर तेच पिवळे बाण दिसतात. 2024 मध्ये सांतियागोच्या यात्रेकरू कार्यालयात जवळजवळ 5 लाख लोकांची नोंद झाली. अमेरिकेतल्या लोकांना कामिनो कळला तो बऱ्याच अंशी 2010 च्या 'द वे' या मार्टिन शीनच्या सिनेमामुळे. आमच्या गप्पांतही तो तिथूनच आला.

सिनेमातली वाट मात्र डोंगरातली, फ्रान्सकडून येणारी. मी निवडली ती पोर्तुगालच्या किनाऱ्याची : पोर्तूच्या कॅथीड्रलपासून सांतियागोपर्यंत सुमारे 280 किलोमीटर. आळंदी-पंढरपूर अडीचशेच्या घरात, म्हणजे मराठी पायांना हा आकडा घाबरवणारा नाही. गेले नोव्हेंबरात, एकटी. नोव्हेंबर का, तर रजा तेव्हाच मिळाली. यापलीकडे त्यात अध्यात्म नव्हतं.

नकाशा उघडला की एक गंमत दिसते. वेस्ट विंडसर 40 अक्षांशावर आणि पोर्तू 41 वर. मध्ये फक्त अटलांटिक. तरी आमच्याकडे जानेवारीत फावड्याने बर्फ उपसावा लागतो आणि पोर्तूला बर्फ सहसा दिसतही नाही, कारण तिथे वारा समुद्रावरून येतो. त्याची किंमत पावसात मोजावी लागते. सांतियागोला वर्षाला साधारण 1,800 मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याच्या दुपटीहून जास्त, आणि त्यातला मोठा वाटा ऑक्टोबर ते फेब्रुवारी या महिन्यांतला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत गल्फ स्ट्रीमचं ऊबदार पाणी आणि खंडावरची थंड हवा समोरासमोर येतात. तिथे जन्मलेली किंवा बळावलेली कितीतरी वादळं पूर्वेकडे सरकत युरोप गाठतात. हरिकेनचे अवशेषही येतात. ऑक्टोबर 2018 मध्ये 'लेस्ली' पोर्तुगालच्या किनाऱ्यावर आदळलं, ऑक्टोबर 2024 मध्ये 'कर्क'ने गालिसियाला, म्हणजे सांतियागोच्या प्रांताला, झोडपलं. हिवाळी वादळांना 2017 पासून स्पेन, पोर्तुगाल आणि फ्रान्स मिळून नावं देतात. त्यामुळे तिथल्या बेकरीत लोक वादळाबद्दल नाव घेऊन बोलतात, नको असलेल्या पाहुण्याबद्दल बोलावं तसे.

पोर्तूबाहेर पडल्यावर माटोझिन्योसपासून पुढे समुद्र डाव्या हाताला सोबतीला असतो. वाळूच्या टेकड्यांवर उगवणारं गवत तुडवलं जाऊ नये म्हणून तिथे मैलोन्‌मैल लाकडी फळ्यांची वाट बांधली आहे. छायाचित्रांत ती फार देखणी दिसते. पावसात तिच्यावर हिरवट बुळबुळीत थर येतो आणि चालण्याच्या काठीचं रबरी टोकसुद्धा घसरतं. जिथे फळ्यांवर बारीक जाळी ठोकलेली असते तिथे पाय टिकतो; नसते तिथे पाऊल आडवं ठेवून, गुडघे किंचित वाकवून, कोकणात शेवाळलेल्या पाखाडीवरून उतरतात तसं चालावं लागतं. वादळानंतर काही ठिकाणी लाटांनी वाळू अशी लोटलेली असते की फळ्या दिसतच नाहीत. वारा डावीकडून, म्हणजे पश्चिमेकडून. दिवस संपता संपता डावा कान सुन्न आणि चष्म्याच्या डाव्या काचेवर मिठाची साय.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. किनाऱ्याच्या वाटा खरं तर दोन आहेत. एक अगदी पाण्याला लागून जाणारी आणि दुसरी थोडी आतून, गावांतून, निलगिरीच्या रानांतून जाणारी. बाण दोन्हीकडे भेटतात. याशिवाय व्हिला दो कोंदेहून आत वळून रातेस गावी मधल्या, जुन्या पोर्तुगीज मार्गाला लागता येतं. म्हणजे खवळलेल्या समुद्राला वळसा घालायची सोय या यात्रेतच आहे. तरीही ऐन उधाणात फळ्यांवरूनच जाणारे लोक दिसले. त्यांना फोटो हवे असतात.

खरी परीक्षा कामिन्याला. इथे मिन्यो नदी समुद्राला मिळते. अलीकडे पोर्तुगाल, पलीकडे स्पेन. पलीकडच्या आ गुआर्दाला जायला छोट्या होड्या आहेत. भरती-ओहोटी आणि वारा यांचं जमलं तरच त्या सुटतात. नर्मदा परिक्रमा केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. विमलेश्वरला थांबायचं आणि भरतीची वेळ साधून होडीने मिठी तलाईला उतरायचं. घाई चालत नाही, नावाडी म्हणेल ते प्रमाण. कामिन्याच्या धक्क्यावर होडीवाल्याने माझ्याकडे न बघता पाण्याकडे बघून मान हलवली. विषय संपला.

मग उरतो तो नदीकाठचा रस्ता : व्हिला नोव्हा दे सेर्व्हेइरावरून व्हालेंसा, तिथून 1886 च्या लोखंडी पुलावरून तुई. हा फेरा एका दिवसात जेमतेम होणारा. पण वाट सपाट, समुद्रापासून दूर, आणि तुईहून जुना मार्ग मिळतो. किनाऱ्याची वाट पुढे रेदोंदेलाला त्याच मार्गात येऊन मिसळते. म्हणजे यात्रा कुठेच तुटत नाही. पूल ओलांडला की घड्याळ मात्र एक तास पुढे करावं लागतं. स्पेनचं घड्याळ मध्य युरोपाच्या वेळेवर चालतं आणि गालिसिया तर पार पश्चिमेला, त्यामुळे डिसेंबरात सूर्य नऊच्या आसपास उगवतो. पहाटे निघायची मराठी सवय इथे उपयोगाची नाही. अंधारात, पावसात पिवळा बाण दिसत नाही.

मी एक दिवस थांबले. दुसऱ्या दिवशी होडी सुटली आणि आ गुआर्दा ते बायोना हा टप्पा पदरात पडला. त्यासाठी पुन्हा जाईन. डाव्या हाताला खडकांवर फुटणारा समुद्र, उजवीकडे डोंगर, मधून एक डांबरी रस्ता. ओइयाला मध्ययुगीन मठ थेट पाण्यासमोर उभा आहे. त्या दिवशी वारा पडला होता, पण वादळाने उठवलेल्या लाटा मागे उरल्याच होत्या. बेसावध माणूस फसतो तो इथेच. पाऊस थांबला, ऊन पडलं म्हणून समुद्र शांत झाला असं नसतं. दूरवरच्या वादळाच्या लाटा नंतरही येत राहतात. म्हणून स्पेनचं हवामान खातं वारा, पाऊस आणि किनारा यांचे इशारे वेगवेगळे देतं : पिवळा, नारिंगी, लाल. चालणाऱ्याने किनाऱ्याचा इशारा आधी पाहावा. नारिंगी असेल तर ओल्या खडकावर उभं राहून कॉल करू नये, घरून कितीही फोन आले तरी.

सामानाबद्दल थोडं. वाऱ्यात पोंचो कुचकामी. तो उडून तोंडावर येतो आणि नेमका उतारावर डोळे झाकतो. टोपीचं जाकीट घ्यावं. पिशवीवरचं आवरण वाऱ्याने निघून जातं, म्हणून आत कचऱ्याची जाड पिशवी घालून कपडे तिच्यात बांधावेत. जीन्स आणि सुती बनियन घरीच ठेवावेत : दहा अंश तापमान, ओलं सूत आणि वारा एवढ्यावर अंग गारठून माणूस आजारी पडू शकतो, बर्फाची गरज नाही. कुडकुडणं वाढलं, बोटांना चेन लावता येईना, बोलणं अडखळू लागलं, की आडोसा, कोरडे कपडे, गरम आणि गोड काहीतरी, याच क्रमाने. ओल्या बोटांना फोनचा पडदा दाद देत नाही, म्हणून मुक्कामाचं नाव आणि 112 हा आणीबाणीचा नंबर कागदावर लिहून खिशात. बूट रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाळवायचे आणि बोळे एकदा बदलायचे. प्रत्येक अल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, रद्दीचा गठ्ठा त्यासाठीच असतो. हिवाळ्यात खासगी अल्बेर्गे बरीच बंद असतात, सरकारी बहुतेक उघडी. शाकाहाऱ्यांनी पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या मागाव्यात, वर जाडं मीठ. एखादीच तिखट निघते, पण निघते.

एकटीने जाणं कितपत बरं? 2015 मध्ये फ्रेंच मार्गावर अस्तोर्गाजवळ एकट्या चालणाऱ्या अमेरिकन यात्रेकरू स्त्रीचा खून झाला. त्यानंतर पोलिसांची गस्त वाढली, आणि आता स्पॅनिश पोलिसांचं 'अलर्टकॉप्स' हे ॲपही आहे. माणसांची भीती मला कुठे वाटली नाही. वादळात एकटेपणाचा धोका वेगळा असतो : घसरलात तर मागून तासभर कुणी येत नाही. आपल्या परंपरेला हे ठाऊक आहे. भर पावसातली वारी दिंडीने होते, आणि परिक्रमावासी चातुर्मासात एका जागी थांबतो. थांबल्याने परिक्रमा खंडित होत नाही. कामिनोचंही तसंच : शेवटचे 100 किलोमीटर चालून यात्रेकरूच्या पुस्तकात रोज दोन शिक्के घेतलेत की प्रमाणपत्र मिळतं, मध्ये किती दिवस खिडकीत बसून कॉफी प्यायलात हे कुणी विचारत नाही. माझं मत स्पष्ट आहे : एकट्याने खुशाल जा, पण दोन दिवस हाताशी राखून परतीचं तिकीट काढा. वादळात जी माणसं पुढे रेटतात, त्यांच्यामागे बहुधा भक्ती नसते, विमानाची वेळ असते.

शिक्क्यांचं पुस्तक 'अमेरिकन पिल्ग्रिम्स ऑन द कामिनो' ही संस्था घरपोच पाठवते. पोर्तूच्या कॅथीड्रलमध्येही मिळतं. 25 जुलै रविवारी आला की ते सांतियागोचं पवित्र वर्ष असतं आणि पुढचं 2027 मध्ये आहे. त्या वर्षी जायचं असेल तर मुक्कामाची सोय आताच बघा, आणि नोव्हेंबर सोडून मे किंवा सप्टेंबर धरा.