एरागॉन : पुस्तकातला आणि पडद्यावरचा

पाश्चात्त्य कथावाङ्मयात ड्रॅगन या प्राण्याचे स्थान फार मोठे आहे. सर्पासारखे अंग, वटवाघळासारखे पंख आणि मुखात अग्नी असा हा काल्पनिक प्राणी पुष्कळशा जुन्या कथांत सोन्याच्या राशीवर पहारा करीत बसलेला असतो, आणि शेवटी एखादा शूर पुरुष त्याचा वध करतो. अशा प्राण्याला वैरी न मानता एका शेतकरी मुलाचा जिवलग सोबती करावे, या कल्पनेवर अमेरिकेतील मोन्टॅना राज्यात राहणाऱ्या क्रिस्टोफर पाओलिनी याने कादंबरी लिहावयास घेतली, तेव्हा त्याचे वय अवघे १५ वर्षांचे होते. शालेय शिक्षण त्याने घरीच पुरे केलेले होते. नायकाचे नाव त्याने मोठ्या गमतीने तयार केले. ‘ड्रॅगन’ या शब्दातील पहिले इंग्रजी अक्षर काढून तेथे वर्णमालेतील पुढचे अक्षर बसविले, झाला ‘एरागॉन’!

२००२ साली आईवडिलांनीच ते पुस्तक छापले. मुलगा जुन्या काळच्या सरदारी पोशाखात शाळाशाळांतून व ग्रंथालयांतून हिंडून त्याविषयी बोलत असे. पुढे कार्ल हायासेन या कादंबरीकाराच्या सावत्र मुलाच्या हाती ते पडले आणि त्याला ते इतके आवडले की हायासेनने आपल्या प्रकाशकांना ते कळविले. २००३ साली नॉफ या नामांकित संस्थेने ते नव्याने प्रसिद्ध केले. त्यावर चित्रपट निघणार हे कळल्यावर बालवाचकांना किती आनंद झाला असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल.

ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या कंपनीने सुमारे १० कोटी डॉलर खर्चून हा चित्रपट डिसेंबर २००६ मध्ये प्रदर्शित केला. दिग्दर्शक स्टेफेन फँगमायर यांचा दिग्दर्शनाचा हा पहिलाच प्रयत्न. परंतु पडद्यावर वादळे आणि खवळलेले समुद्र निर्माण करण्याच्या तंत्रात ते निष्णात होते व त्यासाठी ऑस्करकरिता त्यांचे नामांकनही झालेले होते. जेरेमी आयर्न्स व जॉन माल्कोविच यांच्यासारखे मुरलेले नट होते. हंगेरी व स्लोव्हाकियातील डोंगरदऱ्या होत्या. कशाचीच वाण नव्हती. मग रसभंग झाला तो कोठे?

माझ्या मते तो एकाच प्रसंगात झाला, आणि तो प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे.

कादंबरीत एरागॉनला रानात एक निळा, गुळगुळीत दगड सापडतो. घरात हिवाळ्याची बेगमी नाही; म्हणून तो दगड देऊन खाटकाकडून मांस घ्यावे असा त्याचा विचार असतो, पण तो व्यवहार जमत नाही. एका रात्री दगड फुटतो व आतून ड्रॅगनचे पिल्लू बाहेर येते. दगड कसला, ते अंडेच! तेथून पुढे लेखक घाई करीत नाही. मामापासून लपवून एरागॉन त्या पिल्लासाठी झाडावर आसरा बांधतो, घरचे मांस चोरून नेऊन त्याला भरवितो, आणि ते दिवसेंदिवस वाढते. गावातील ब्रॉम नावाच्या म्हाताऱ्या कथेकऱ्याकडून तो जुन्या ड्रॅगनांची नावे सहज विचारल्यासारखी विचारून घेतो. एकामागून एक नावे सुचवावी, तर एकही पसंत पडत नाही. शेवटी त्याच्या ध्यानात येते की हा नर नसून मादी आहे! मग ‘सफिरा’ हे नाव ठरते. वाचकाची तिच्यावर माया जडते ती या आठवड्यांत, युद्धात नव्हे.

चित्रपटात हे सारे आठवडे नाहीसे झाले आहेत. लहानगी सफिरा आकाशात झेप घेते, ढगांत वीज चमकते, आणि काही क्षणांतच ती पूर्ण वाढलेली, माणसाला पाठीवर घेण्याएवढी होऊन खाली उतरते. एखाद्या घरी काल पाळण्यात पाहिलेले मूल आज लग्नाला उभे दिसावे, तशी प्रेक्षकाची स्थिती होते.

असे का केले असावे, याचा उलगडा चित्रपटाच्या घडणीतून होतो. पडद्यावरचा ड्रॅगन संगणकावर घडवितात. प्रथम त्याची आकृती, मग सांगाडा, स्नायू, खवले आणि चालण्याची ढब. आणि सेकंदाला २४ चित्रे, म्हणून अशा प्रत्येक चित्रावर कारागिरांना काम करावे लागते. वाढीची प्रत्येक पायरी दाखवावयाची म्हणजे जणू दर वेळी नवा प्राणी घडवावयाचा. लेखकाला त्यासाठी एक वाक्य पुरते. चित्रपटाला मोठी रक्कम लागते. शिवाय सुमारे ५०० पृष्ठांची कथा १०४ मिनिटांत बसवावयाची होती. पैसा युद्धासाठी राखला गेला आणि मैत्रीच्या वाट्याचा वेळ कापला गेला, असे दिसते. न्यायाने बोलावयाचे तर सफिराची उड्डाणे प्रेक्षणीय आहेत आणि आयर्न्स यांचा ब्रॉमही मनात राहतो. पण जिच्याशी आपली ओळखच झाली नाही, तिच्या जखमेने आपल्या डोळ्यांत पाणी कसे यावे?

कात्रीने आणखीही एक नुकसान केले. ‘एल्डेस्ट’ हा कथेचा दुसरा भाग २००५ सालीच प्रसिद्ध झाला होता. त्यात राझॅक नावाचे क्रूर जीव कॅट्रिना या मुलीला पळवून नेतात, आणि पहिल्या भागाच्या अखेरीस एरागॉनच्या पाठीवर झालेला घाव त्याला सतत छळत राहतो. चित्रपटात कॅट्रिना दिसतच नाही, राझॅक मारले जातात, आणि तो घाव होतच नाही! पुढची कथा ज्या खुंट्यांवर टांगावयाची, त्याच उपटून टाकल्या होत्या.

चित्रपटाने जगभर सुमारे २५ कोटी डॉलर मिळविले. त्यांपैकी खुद्द अमेरिकेत साडेसात कोटी. तिकिटांच्या पैशांतून चित्रगृहांचा वाटा व जाहिरातींचा खर्च वजा करावा लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे ही कमाई वाटते तेवढी मोठी नव्हे. दुसरा चित्रपट निघाला नाही. पाओलिनीने मात्र लेखन चालूच ठेवले. ‘ब्रिसिंगर’ २००८ साली व ‘इनहेरिटन्स’ २०११ साली आले, आणि पुस्तकातली सफिरा शेवटच्या पानापर्यंत वाढतच राहिली.