शरीरातील पाण्याचा तोल

मनुष्याच्या शरीराच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. घाम, श्वास व लघवी यांवाटे ते सतत खर्च होते. ही तूट भरून निघाली नाही, तर मूत्रपिंडे पाणी राखून धरतात; लघवी थोडी व गडद पिवळी होते. तहान लागते तेव्हा तूट आधीच पडलेली असते. म्हणून उन्हाळ्यात वर्गात पेंगणाऱ्या वा डोके दुखते असे सांगणाऱ्या मुलास आळशी ठरविण्यापूर्वी, ते सकाळपासून पाणी प्यायले आहे काय, हे शिक्षकांनी विचारावे.

स्वच्छतागृहाची सोय नीट नसल्यास कित्येक मुली शाळेत पाणी पिण्याचेच टाळतात. तेथे उपदेशापेक्षा सोय अगोदर हवी.

याउलट, अंगावर सूज येणे हे पाणी जास्त प्यायल्याचे लक्षण समजू नये. शरीरातील जादा मीठ पाणी धरून ठेवते. मूत्रपिंडाचा विकार किंवा प्रथिनांची तीव्र उणीव यांमुळेही सूज येते. नडगीवर बोट दाबल्यावर खळगा राहत असेल, तर मुलाचे पाणी आपल्या मनाने तोडू नये. त्यास विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे.

दर दोन तासिकांनंतर पाण्यासाठी घंटा व्हावी, आणि त्या वेळी शिक्षकांनीही मुलांसमवेत पाणी प्यावे.