काट मारलेली किंमत

दसरा-दिवाळीच्या तोंडावर ऑनलाइन सेल लागले की मोबाइलवर सगळ्यांत ठळक दिसते ती सूट. नको असलेली खरेदी घडते ती बहुतेक या आकड्यामुळे, म्हणून मनाला आवर घालण्याचा उपदेश करण्यापेक्षा तो आकडा येतो कुठून हे पाहिलेलं बरं. समजा, 4,999 रुपयांवर काट मारून खाली 1,799 लिहिलंय. काट मारलेली रक्कम बहुधा एमआरपी असते. ती ठरवतो उत्पादक किंवा आयातदार, आणि तिच्यापेक्षा जास्त पैसे घेऊ नयेत एवढंच कायदा सांगतो. त्या किमतीला ती वस्तू कधी कुणी घेतली होती का, याचा तिथे काही पुरावा नसतो. तरी आपण 3,200 रुपये वाचल्याचा हिशेब मांडतो. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमान यांनी 1974 मध्ये मनाची ही खोड दाखवून दिली. त्यांच्या प्रयोगात चक्र फिरवलं की 10 किंवा 65 येई. मग संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के, असं विचारलं जाई. 10 पाहिलेल्यांचा अंदाज 25च्या आसपास राहिला, 65 पाहिलेल्यांचा 45च्या. चक्राचा प्रश्नाशी संबंध नव्हता, तरी आकड्याने आपलं काम केलंच.

यावर कुणी म्हणेल, सेलमध्ये फ्रिज, वॉशिंग मशीन खरोखर स्वस्त मिळतं आणि कितीतरी घरं त्यासाठीच वर्षभर थांबतात. अगदी खरं आहे. पण त्या घरांनी काय घ्यायचं आणि कितीपर्यंत घ्यायचं हे आधीच ठरवलेलं असतं. नेमकं हेच सगळ्यांनी करावं. सेलच्या दोन आठवडे आधी यादी करा, त्या वस्तूंच्या आजच्या किमती लिहून ठेवा आणि सेलमधली किंमत फक्त त्यांच्याशी ताडून पाहा. क्रेडिट कार्डवर ‘नो कॉस्ट ईएमआय’ घेतानाही हीच दक्षता हवी. त्यात बँक व्याज लावतेच, तेवढी रक्कम किमतीतून कमी केलेली असते. व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि असल्यास प्रोसेसिंग फी मात्र ग्राहकाच्याच माथी येते.

‘फक्त 2 शिल्लक’ ही पाटी खोटी असेल, तर निमूट सोसायचं कारण नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी अशा 13 फसव्या युक्त्यांना मनाई केली. खोटी घाई करणं आणि न विचारता कार्टमध्ये वस्तू घालणं या दोन्ही त्यात येतात. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर करता येते.