पहिलें टिंब

ऱ्हस्व, दीर्घ व प्लुत हा मात्राविचार ज्यांनीं बाळपणीं घोकला आहे, त्यांस मोर्सची लिपि परकी वाटूं नये. टिंब म्हणजे एक मात्रा. रेघ म्हणजे तीन, अर्थात् प्लुतच. एका अक्षरांतील खुणांमध्यें एका मात्रेची विश्रांति, दोन अक्षरांमध्यें तीन मात्रांची, दोन शब्दांमध्यें सातांची. मिनिटास वीस शब्द या गतीनें ही मात्रा सेकंदाच्या ६० सहस्रांशांची होते. चाळीस शब्दांच्या गतीनें अवघी ३० ची. या लिपीची परीक्षा घ्यावी कीं नाहीं, हें २००३ सालीं प्रत्येक देशाच्या मर्जीवर सोडण्यांत आलें. पण हौशी बिनतारी मंडळींची कडकट्टची गोडी कांहीं सुटली नाहीं.

त्यांची अडचण मात्र ऐकण्यासारखी आहे. एकच एरियल ऐकण्यास व बोलण्यास आळीपाळीनें वापरावयाचें असतें. संदेशास जोर यावा म्हणून मध्यें अॅम्प्लिफायर जोडला, कीं बोलतांना तो वाटेंत आणण्यासाठीं व ऐकतांना बाजूस सारण्यासाठीं रिले नांवाचा विद्युच्चुंबकाचा खटका लागतो. साधा मोठा रिले मिटावयास पंधरा-वीस सहस्रांश सहज घेतो, आणि लहरी तर की दाबतांच येऊन थडकतात. दार उघडण्यापूर्वींच पाहुणा आंत घुसावा, तसा हा प्रकार! ठिणग्या उडून रिलेचीं टोंकें करपतात, शेजारच्या लहरींवर खडखडाट उठतो, आणि पहिलें टिंब छाटलें जातें.

एका टिंबानें काय होतें? भारतीय हौशी केंद्रांचीं संकेतनामें बहुधा 'व्हीयू' या अक्षरांनीं सुरू होतात. व्ही म्हणजे तीन टिंबें व एक रेघ. यू म्हणजे दोन टिंबें व एक रेघ. पहिलें टिंब रिलेनें गिळलें, कीं 'व्हीयू'चें 'यूयू' झालें. आणि आंतरराष्ट्रीय वांटणींत 'यूयू' हीं अक्षरें युक्रेनचीं आहेत. बोलणारा भारतांतला, ऐकणारा त्यास युक्रेनचा समजणार! सावकाश गतींत छाटलेलें टिंब निदान ओळखूं येतें. चाळिसाच्या गतींत २० सहस्रांश गेले तर उरलेला तिसरा हिस्सा गोंगाटांत बुडतो.

यावर उपाय क्रमाचा. की दाबतांच प्रथम रिलेस आज्ञा जावी, तो स्थिर झाल्यावर लहर सुटावी. की सोडतांना आधीं लहर थांबावी, मग रिले सुटावा. येथें एक मेख आहे. लहरीचा आरंभच तेवढा लांबविला आणि शेवट जागच्या जागीं ठेवला, तर टिंब आंखूडच राहतें. दोन्ही टोंकें सारख्याच अंतरानें पुढें सरकलीं पाहिजेत. सबंध संदेश २० सहस्रांश उशिरां निघाला, तर पलीकडच्यास पत्ताही लागत नाहीं.

दोन टिंबांच्या मधल्या विश्रांतींतही ऐकूं पाहणाऱ्यास मात्र हा रिले पुरत नाहीं. त्यास कांहीं थोड्या सहस्रांशांत हलणारा निर्वात रिले, किंवा हलता भागच नसलेला पिन-डायोडचा खटका घ्यावा लागतो. इतरांनीं शब्द पुरा होईतों रिले मिटलेलाच ठेवावा, हें माझ्या मतें अधिक शहाणपणाचें, खर्चही वांचतो.