चार बोटांचा ‘प्ले’

मुलाकडे अमेरिकेला गेलेल्या निवृत्त माणसाला काय काय दाखवतात, हे आता मराठी वाचकाला पाठ झालं आहे. नायगारा, मॉल, देऊळ आणि शनिवारी कुणाकडे तरी पावभाजी. माझ्या वाट्याला मात्र सहाव्याच दिवशी एका जुन्या गाडीचं स्टिअरिंग आलं.

आमचे चिरंजीव मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉय नावाच्या गावी असतात. पोटापाण्यासाठी नव्या गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहितात आणि हौस म्हणून त्यांनी एक जुनी गाडी घेतली आहे. 1966 सालची, निळी, पॉन्टियॅक जीटीओ. तिकडे या जातीच्या गाड्यांना ‘मसल कार’ म्हणतात. म्हणजे मधल्या आकाराच्या साध्या गाडीत दांडगं इंजिन बसवायचं आणि सिग्नल हिरवा झाला की शेजारच्याला धूर दाखवायचा. या गाडीचं इंजिन 389 घनइंची, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचं. आपल्या प्रीमियर पद्मिनीचं होतं 1089 सीसी. एका बॉनेटखाली जवळजवळ सहा पद्मिनी!

हिच्या जन्माची कथा माझ्यातल्या बँकवाल्याला फार आवडली. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत 330 घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टियॅक विभागातल्या जॉन डीलोरियन आणि मंडळींनी काय करावं? 1964 साली त्यांनी हे इंजिन स्वतंत्र मॉडेल म्हणून न देता ‘टेम्पेस्ट’ गाडीवरचं ऐच्छिक पॅकेज म्हणून दिलं. सर्क्युलर मोडायचं नाही, त्यातून वाट काढायची. ही विद्या फक्त आपल्याकडेच आहे, असा माझा छत्तीस वर्षं समज होता. पहिल्याच वर्षी 32,450 गाड्या खपल्या. पुढे 1973 चं तेलसंकट आलं, विम्याचे हप्ते वाढले आणि पैलवान म्हातारे झाले. 2010 मध्ये पॉन्टियॅक हे नावच बंद झालं. ज्या गावावरून ते पडलं, ते गाव मुलाच्या घरापासून वीसेक मिनिटांवर आहे.

तर या पैलवानाचं मनगट ढिलं झालं होतं. स्टिअरिंगचं चाक चार बोटं फिरवावं, तेव्हा कुठे पुढच्या चाकांना त्याची खबर लागायची. सरळ रस्त्यावरसुद्धा मुलगा सारखा डावीउजवीकडे हात हलवत असे, जुन्या हिंदी सिनेमातला नायक हलवायचा तसा. सूनबाईंनी बजावलं होतं की हा ‘प्ले’ जाईपर्यंत नात गाडीत बसणार नाही. त्यांना दुसरीही एक गोष्ट ठाऊक होती. जनरल मोटर्सने अपघातात आक्रसणारा स्टिअरिंगचा दांडा दिला तो 1967 च्या मॉडेलांपासून. त्याआधीचा दांडा ताठ, समोरून धडक बसली की सरळ चालकाच्या छातीवर येणारा. हिचं साल 66.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिथे वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. 1995 पासूनची प्रथा आहे. नातीला त्यात जायचं होतं आणि हातात तीन आठवडे होते.

“सोपं आहे, बाबा,” मुलगा म्हणाला. “स्टिअरिंग बॉक्सवर एक स्क्रू असतो. तो अर्धा फेरा आवळला की प्ले गेला.”

“त्याला हात लावायचा नाही,” मी म्हणालो. आवाज जरा जास्तच चढला असावा, कारण तो चमकून बघायला लागला.

आता थोडं मागे जायला हवं. 1991 साली मी सेकंडहॅन्ड पद्मिनी घेतली होती. तिच्याही स्टिअरिंगला असाच प्ले आला. घराजवळच्या फिटरने गाडीखाली जाऊन सांगितलं, “साहेब, टाय रॉड एंड गेलेत. दोन दिवस लागतील.” मला दुसऱ्या दिवशी कराडला लग्नाला जायचं होतं. मी म्हणालो, “तात्पुरतं काही तरी करून द्या.” तो नको म्हणत होता. मी आग्रहच धरला, तेव्हा त्याने बॉक्सवरचा स्क्रू आवळून दिला. प्ले गेला! शहरातून बाहेर पडताना मी खुशीत होतो. खंबाटकीच्या एका वळणावर सवयीप्रमाणे चाक हातातून सैल सोडलं. वळण संपलं की ते आपोआप मधे येतं, ही माझ्या तळव्यांची समजूत. ते आलं नाही. आवळलेल्या बॉक्सने ते होतं तिथेच धरून ठेवलं आणि गाडी कठड्याकडे निघाली. दोन्ही हातांनी ओढून मी ती कशीबशी सरळ केली. कठड्याला डावा मडगार्ड घासला, एवढंच. शेजारी बायको होती, मागे आठ वर्षांचा मुलगा.

महिन्याभरात गाडी विकली. पेट्रोल परवडत नाही, असं घरात सांगितलं. आखाती युद्धानंतरचे दिवस, कुणालाही पटण्यासारखं कारण. त्यानंतर मी चाक हातात धरलेलं नाही.

हे मी गॅरेजमध्ये, त्या सिमेंटवर, मुलाला पहिल्यांदा सांगितलं. तो रॅम्पवर चढवलेल्या गाडीखाली आडवा होता, त्यामुळे मला फक्त त्याचे बूट दिसत होते. थोड्या वेळाने आवाज आला, “मला वाटायचं, मी मागून काही तरी बोललो म्हणून तुमचं लक्ष गेलं.”

चौतीस वर्षं! काय बोलणार? मी म्हणालो, “नाही रे. चूक माझी होती.” त्यावर तो म्हणाला, “बरं, चाक हलवा आता.”

कारण प्ले शोधायची खरी पद्धत हीच. इंजिन बंद, चाकांवर गाडीचं वजन तसंच, एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावीउजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने खालून एकेक सांधा बघायचा. कुठे हालचाल येते आणि कुठे पुढे जात नाही? बँकेत बॅलन्सिंगला फरक आला की आम्ही असंच एकेक पान मागे जायचो. फरक सापडत नाही म्हणून तो सस्पेन्स खात्यात टाकणारेही असत. बेरीज जुळते, चूक तिथेच राहते. बॉक्सचा स्क्रू आवळणं म्हणजे तेच.

पहिली चूक वरच सापडली. स्टिअरिंगचा दांडा आणि बॉक्स यांच्यामध्ये कापड घातलेली एक रबरी चकती असते. तिला चिरा गेल्या होत्या. वरची बाजू हले, खालची मागाहून. दुसरी चूक ‘आयडलर आर्म’ची. बॉक्समधून निघालेला पिटमन आर्म एका आडव्या दांड्याला ढकलतो आणि दांड्याचं दुसरं टोक हा आयडलर धरून ठेवतो. स्वतः काही ढकलत नाही, नुसता आधार. तो खालीवर डुलत होता. हे मी जेवताना समजावून सांगितलं, तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, “म्हणजे घरातली बाई.” चर्चा तिथेच संपली.

तिसरी चूक डाव्या बाहेरच्या टाय रॉड एंडची. तो निघता निघेना. शेजारी एक गृहस्थ आहेत, आयुष्य मोटारींच्या कारखान्यात गेलेले. ते कुंपणापलीकडून पाहत होते. शेवटी न राहवून दोन हातोडे घेऊन आले. नट सैल केला, पण पुरता काढला नाही. एक हातोडा आर्मच्या मागे टेकवला आणि दुसऱ्याने समोरच्या बाजूवर दणका दिला. दुसऱ्या दणक्याला टकळी सुटली. सांध्यावर एकही घाव नाही. काढताना मी आटे मोजून वहीत लिहिले, सतरा. नवा एंडही सतरा आटेच आत गेला, म्हणजे अलाइनमेंटला नेईपर्यंत चाकं फार वाकडी राहत नाहीत. शेवटी खाचांच्या नटातून कॉटर पिन घालायची. भोक जुळलं नाही तर नट थोडा पुढे आवळायचा, मागे कधीच सोडायचा नाही. हे त्या गृहस्थांनी तीनदा सांगितलं. मग ग्रीस.

एवढं झाल्यावर चार बोटांचा प्ले एका बोटावर आला होता. आता बॉक्सकडे जायला हरकत नव्हती. त्याच्या आत मळसूत्र आणि नट यांच्यामध्ये पोलादी गोळ्यांची रांग फिरत असते. एका टोकाला बाहेर पडायचं, नळीतून मागे यायचं, पुन्हा आत शिरायचं. अगदी रहाटगाडगं. माणूस बहुतेक वेळ सरळच चालवतो, म्हणून झीज मधल्या जागी जास्त होते. तेव्हा पिटमन आर्म सोडवायचा, बॉक्स बरोबर मध्यावर आणायचा आणि स्क्रू जरासा, मोजून फिरवायचा. मुलाने पाना धरला आणि माझ्याकडे पाहिलं. पाव फेऱ्याहूनही कमीवर मी “बस” म्हणालो. लॉकनट आवळला. प्ले किंचित राहिला. साठ वर्षांच्या बॉक्सला तेवढा राहू द्यावा.

अलाइनमेंट करून आणली त्या संध्याकाळी मुलगा आणि मी दोघेच निघालो. कमरेचे पट्टे लावले, खांद्याचे त्या गाडीत नाहीतच. वस्तीतल्या रिकाम्या रस्त्यावर त्याने उजवीकडे वळण घेतलं आणि वळता वळता दोन्ही तळवे उघडले. चाक त्याच्या बोटांखालून सरसरत मागे आलं आणि मधे येऊन थांबलं.

“पाहिलंत?” तो म्हणाला.

“पुन्हा एकदा वळ,” मी म्हणालो. “डावीकडे.”