शब्दांची संगत

गेल्या जूनमध्यें शाळा सुरू होऊन आठवडाहि झाला नव्हता, तोंच आठवींतील एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. हातांतील इंग्रजी पुस्तक आमच्या मेजावर ठेवून ते म्हणाले, "सर, इंग्रजी सुधारावें म्हणून मुलाला या शाळेंत घातलें, आणि हा रात्रंदिवस ही जादूची गोष्ट वाचीत बसतो. बरें, अडलेला शब्द कोशांत पाहावा, वहींत उतरून घ्यावा, तर तेंहि नाहीं. शब्द अडला कीं हा तसाच पुढें जातो. याला अभ्यास म्हणावयाचा का?" थोडें थांबून त्यांनीं आणखी एक गोष्ट सांगितली, ती आमच्या मनांतून अद्याप गेलेली नाहीं. "मला स्वतःला इंग्रजी येत नाहीं. अर्थांसह शब्दांची यादी असली म्हणजे ती हातांत धरून मला मुलाला प्रश्न विचारतां येतात. गोष्ट मला तपासतां येत नाहीं."

पुस्तक आम्हीं दोन दिवस ठेवून घेतलें आणि मुलाला परत करण्यापूर्वीं स्वतः वाचून काढलें.

पुस्तकाचें नांव 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'. अर्सुला ल ग्विन (१९२९–२०१८) या अमेरिकन लेखिकेनें एका प्रकाशकाच्या सूचनेवरून किशोरवयीन वाचकांसाठीं तें लिहिलें व १९६८ सालीं तें प्रसिद्ध झालें. अर्थसी हें बेटाबेटांचें काल्पनिक जग. त्याचा नकाशाहि लेखिकेनें स्वतःच काढला. गाँट नांवाच्या डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा एक आईवेगळा मुलगा जादूगार कसा होतो, आणि आपल्या गर्वापायीं केवढें संकट ओढवून घेतो, याची ही कथा आहे. या जगांतील सारी विद्या ही शब्दविद्या होय. ज्या वस्तूचें खरें नांव ठाऊक, तिच्यावर सत्ता चालते. म्हणून कोणीहि आपलें खरें नांव सहसा दुसऱ्यास सांगत नाहीं. लेखिकेचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे कॅलिफोर्नियांतील मूळ रहिवाशांच्या भाषांचे व चालीरीतींचे अभ्यासक होते. याही नांवाच्या जमातीचा अखेरचा मनुष्य १९११ सालीं त्यांच्या विद्यापीठाच्या आश्रयास आला. त्यानें आपलें नांव कोणासहि सांगितलें नाहीं. लोक त्याला 'इशी' म्हणत, आणि त्याच्या भाषेंत त्या शब्दाचा अर्थ नुसता 'माणूस' असा आहे. उखाणा घेतल्यावांचून पतीचें नांव तोंडाबाहेर न काढणाऱ्या आज्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्या आमच्या वाचकांस यांत फारसें नवल वाटूं नये.

आतां आमचा स्वतःचा एक दोष कबूल केला पाहिजे. पुष्कळ वर्षें आम्ही दर शनिवारीं वर्गास वीस इंग्रजी शब्द व त्यांचे मराठी अर्थ फळ्यावर लिहून देत असूं आणि सोमवारीं त्यांची परीक्षा घेत असूं. वीसपैकीं वीस गुण मिळविणारीं मुलें कांहीं कमी नसत, आणि त्याचा आम्हांस अभिमानहि वाटे. पुढें एका विद्यार्थ्यानें निबंधांत लिहिलें कीं, सावकार गरिबांना 'अब्सॉर्ब' करतो. त्याचें काय चुकलें? 'अब्सॉर्ब' म्हणजे शोषणें, हा अर्थ आम्हींच फळ्यावर लिहिला होता. टीपकागद शाई शोषतो आणि सावकार गरिबाला शोषतो, हें मराठींत एकाच क्रियापदानें चालतें. इंग्रजींत चालत नाहीं. पण यादींत टीपकागदहि नव्हता आणि सावकारहि नव्हता.

या कादंबरीच्या आरंभींच असा एक प्रसंग आहे. झोंपडीच्या छपरावर चढून बसलेली शेळी कांहीं केल्या उतरत नाहीं. मुलाची मावशी, जी गांवची चेटकीण आहे, कांहीं विशिष्ट शब्द उच्चारते आणि शेळी उडी मारून खालीं येते. दुसऱ्या दिवशीं मुलगा माळावर तेच शब्द आपल्या शेळ्यांना ओरडून सांगतो. उच्चार बिनचूक, अर्थाचा मात्र पत्ता नाहीं. शेळ्या येतात. मुकाट्यानें, पिवळ्या डोळ्यांनीं त्याच्याकडे टक लावून त्याच्याभोंवतीं दाटी करतात, आणि त्यांना दूर कसें करावें हें त्याला ठाऊक नसतें. त्या कळपांत चेंगरलेला तो पोर धांवतपळत गांवांत येतो, तेव्हां मावशीच त्याची सुटका करते. पाठ केलेले शब्द निबंधांत घालून बसलेलीं आमचीं मुलें आम्हांस त्या पानावर दिसलीं.

येथेंच दुसरी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. शेळी चढली होती तें छप्पर इंग्रजींत 'थॅच' या शब्दानें सांगितलें आहे. हा शब्द मुलाला अपरिचित होता. परंतु शेळी झोंपडीवर चढून कशावर उभी राहणार, हें कळावयास कोश लागत नाहीं. मागाहून कोश उघडला तेव्हां त्यांत 'शाकारणी' हा मराठी शब्द त्याला मिळाला, आणि शहरांत वाढलेल्या त्या मुलास तोहि नवाच निघाला. आधीं कोश उघडला असता तर एका अपरिचित शब्दाचा अर्थ दुसरा अपरिचित शब्द, एवढाच लाभ झाला असता.

पुढें हा मुलगा, ज्याला आतां गेड हें नांव मिळालें आहे, ओगिऑन नांवाच्या मितभाषी गुरूबरोबर निघतो. मंत्र केव्हां शिकवितात याची त्याला घाई. गुरु मात्र वाटेवरचें एक क्षुद्र रोपटें दाखवून, हें काय, असें विचारतात. त्याचें नांव 'फोरफॉइल'. याचा उपयोग काय, असें गेड विचारतो. मला तरी कांहीं ठाऊक नाहीं, असें उत्तर मिळतें. गुरूंच्या बोलण्याचा आशय असा कीं, मुळापासून बीपर्यंत, रूपानें व गंधानें, सर्व ऋतूंत हें रोपटें तुला ओळखतां येऊं लागलें म्हणजे मग त्याचें खरें नांव शिकण्यास तूं योग्य होशील. शब्द शिकविण्याविषयीं आम्हीं महाविद्यालयांत जीं पुस्तकें वाचलीं, त्यांतील पुष्कळ पानांचा अर्थ या एका रोपट्यांत आला आहे.

कारण शब्दालाहि ऋतु असतात. 'स्टाफ' हा शब्द घ्या. वर्गांत विचारलें तर पन्नास मुलें एका आवाजांत सांगतात, स्टाफ म्हणजे शिक्षकवर्ग. कारण 'स्टाफरूम' ही पाटी तीं रोज पाहतात. ओगिऑन हातांत लांकडी 'स्टाफ' घेऊन डोंगर चढतो, हें वाक्य वाचल्यावर वर्गांत खसखस पिकली. दोन ओळी पुढें जातांच हंसें थांबलें, कारण तो दंड आहे हें सर्वांना दिसलें. मग निशाणाची काठी, म्हातारपणचा आधार, आणि ज्यांच्या आधारावर संस्था उभी राहते ती माणसें, असे तिचे अर्थ एकामागून एक मुलांनींच जुळविले. 'रीच' म्हणजे पोहोंचणें, हेंहि सर्वांस पाठ. पण या पुस्तकांत 'ईस्ट रीच' म्हणजे पूर्वेकडील दूरचा समुद्र व तेथील बेटें. हात जेथवर पोहोंचतो तेथवरचा पल्ला, असें मनांत आणलें कीं दोन्ही अर्थ एकाच घरचे निघतात. 'स्पेल' म्हणजे मंत्र, आणि अक्षरें जुळवून सांगणें तेंहि 'स्पेल'. दोहोंचें मूळ 'बोलणें, सांगणें' या एकाच जुन्या धातूंत आहे. शुभवर्तमानास इंग्रजींत 'गॉस्पेल' म्हणतात, त्यांतील 'स्पेल'हि तोच. 'कानमंत्र' हा शब्द ज्यांच्या भाषेंत आहे त्यांना हें समजावून द्यावें लागत नाहीं.

या पुस्तकांत 'ओटाक' नांवाचा एक प्राणी आहे. शब्द लेखिकेनेंच बनविलेला, त्यामुळें कोशाची मदत नाहीं. आम्हीं त्या मुलास बोलावून, ओटाक म्हणजे काय, असें विचारलें. तो न अडखळतां म्हणाला, "लहानसा, तुकतुकीत केसांचा, रुंद तोंडाचा. डोळे मोठे आणि चमकदार. चावरा आहे, पण आवाज करीत नाहीं. गेडच्या खांद्यावर बसतो." हा अर्थ त्याला कोणीं शिकविला? कोणींहि नाहीं. ओटाक पुनःपुन्हां भेटला, दर वेळीं कांहीं तरी करतांना भेटला, आणि ओळखीचा झाला.

न्यूझीलंडमधील पॉल नेशन व त्यांचे सहकारी यांनीं १९७८ सालीं अशीच एक परीक्षा प्रसिद्ध केली. अँथनी बर्जेस यांच्या १९६२ च्या एका कादंबरींत रशियनवरून बनविलेले सुमारें २४० विचित्र शब्द आहेत. (ती कादंबरी मुलांच्या हातीं देण्यासारखी नाहीं, म्हणून तिचें नांव येथें देत नाहीं.) इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रौढांना ती अर्थसूचीशिवाय वाचावयास दिली, आणि शब्दांची परीक्षा होणार हें त्यांना आधीं कळूं दिलें नाहीं. नंतर ९० शब्द विचारले, तेव्हां सरासरीनें शेंकडा ७६ शब्दांचे अर्थ बरोबर आले. जे शब्द पुस्तकांत वारंवार येत, ते सामान्यतः अधिक जणांस आले.

याचा अर्थ असा मात्र नव्हे कीं पुस्तक हातीं दिलें आणि आमचें काम संपलें. त्या मुलास आम्हीं कादंबरींतील दहा शब्द विचारले. सहा त्याला येत होते, दोन अर्धवट, आणि दोन साफ चुकले. 'प्राउ' म्हणजे होडीचें पुढचें टोंक. त्यानें तें शीड समजून सबंध पुस्तक वाचून टाकलें होतें, आणि गोष्ट कोठेंहि अडली नव्हती! संदर्भ हा असा लबाडहि असतो. शिवाय जेथें दर ओळींत दोन-तीन शब्द अडतात तेथें तर्क तरी कशाच्या आधारें करावा? त्या वेळच्या हिंदुस्थानांत, ढाक्यास शिकवीत असतां, मायकेल वेस्ट यांनीं १९२० नंतरच्या दशकांत ही अडचण ओळखली आणि नवे शब्द थोडे-थोडे येतील अशीं वाचनपुस्तकें तयार केलीं. हू व नेशन यांनीं २००० सालीं काढलेला निष्कर्ष असा कीं, शंभरांत सुमारें अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असतील तरच बहुतेक वाचकांस गोष्ट कोणाच्या मदतीवांचून नीट समजते. विद्यार्थ्यांनीं पुस्तक घेतांना मधलें एखादें पान उघडून अडलेले शब्द बोटांवर मोजावे. अडीचशें शब्दांच्या पानांत एका हाताचीं बोटें पुरलीं तर पुस्तक घरीं न्यावें; दोन्ही हात संपले तर तें पुढच्या वर्षासाठीं ठेवावें.

आणि यादी? ती कादंबरींतहि आहे, व फार कडक आहे. रोक बेटावरील विद्यापीठांत शिकणाऱ्या मुलांना एका एकान्त मनोऱ्यांत राहून नांवांच्या याद्या पाठ कराव्या लागतात. मध्यरात्रीं कागदावरील शाई आपोआप उडून जाते. पाठ झालें असेल तेवढेंच उरतें. तो भाग वाचतांना आम्हांस आमचे शनिवार आठवले आणि थोडी लाजहि वाटली. परंतु त्या यादीकडे नीट पाहावें. ती एकाच लहान बेटाच्या किनाऱ्याची आहे: तेथील भूशिरें, उपसागर, खाड्या, बंदरें, उथळ जागा, खडक. वीस अनोळखी शब्द रस्त्यावरून गोळा करून एका रांगेंत उभे केलेले नाहींत. ते एका गांवचे शेजारी आहेत. तेथें 'साउंड' हा शब्द उपसागर व खाड्या यांच्यामध्यें बसलेला दिसतो, तेव्हां तो ध्वनि नसून पाण्याचाच एखादा प्रकार असला पाहिजे, हें मुलें सांगूं शकलीं.

तेव्हांपासून आमची शनिवारची यादी बंद झालेली नाहीं, बदलली आहे. मुलें आधीं प्रकरण वाचतात, अडलेल्या शब्दाखालीं पेन्सिलीची बारीक रेघ ओढून पुढें जातात, आणि तर्क मनांत ठेवतात. प्रकरण संपल्यावर त्यांतील आठ शब्द निवडून कोश पाहतात आणि वहींत अर्थाच्या जोडीला तें वाक्यहि उतरून घेतात. तर्क चुकला असल्यास चुकलेला तर्कहि लिहावयाचा, असा आमचा आग्रह आहे. 'प्राउ'चा अर्थ तो मुलगा आतां विसरणार नाहीं.

वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस लगेच सुचलें नव्हतें. पुस्तक परत करतांना आम्हीं त्यांना एवढेंच सांगितलें, "आपण यादी विचारूं नका. रोज रात्रीं जेवणानंतर त्यानें जेवढें वाचलें असेल तेवढें त्याला मराठींत सांगावयास लावा. जेथें तो अडखळेल किंवा गोष्ट विसंगत वाटेल, तेथें 'हें असें कसें?' म्हणून विचारा. आपल्याला गोष्ट कळली नाहीं, तर त्यालाहि ती कळलेली नाहीं असें समजा." त्यांनीं मान हालविली, पण त्यांचें समाधान झालें असें आम्हांस वाटलें नाहीं.

दिवाळीच्या सुटीनंतर ते फाटकाशीं भेटले. मुलाच्या गुणांविषयीं विचारतील म्हणून आम्हीं गुणपत्रिका आठवूं लागलों. ते म्हणाले, "सर, तो ओटाक मेला हें त्यानें मला दोन दिवस सांगितलेंच नाहीं. तेवढीं पानें गाळून पुढचें सांगत होता. मीच विचारलें, आज त्याच्या खांद्यावर कोणी कसें बसलेलें नाहीं?" मग या गोष्टीचा पुढचा भाग आहे का, असें त्यांनीं विचारलें. १९७१ सालीं निघालेला 'द टूम्स ऑफ अटुआन' आम्हीं त्याच दिवशीं मुलाच्या नांवावर ग्रंथालयांतून काढून दिला.